वंगण घालण्याआधी

दसरा झाला, पाऊस ओसरला आणि माझी गाडी कुरकुरू लागली. स्टिअरिंग वळवलं की 'कुईं', पूर्ण फिरवून परत सरळ केलं की आणखी एकदा. सरळ रस्त्यावर काहीच नाही. शाळेच्या फाटकातून आत वळताना मात्र आवाज इतका यायचा की शिपाईमामांनी दोनदा सांगितलं, "बाई, कुठेतरी दाखवून घ्या."

दाखवली. वर्कशॉपमधल्या तरुणाने गाडी आवारात एक चक्कर फिरवली आणि कागद हातात दिला: स्टिअरिंग रॅक पूर्ण नवा, दोन्ही बाजूंचे लोअर आर्म नवे, मजुरी धरून 21,000 रुपये. गाडीखाली कोणी वाकूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी विचारलं, "आवाज नेमका कशाचा आहे?" तर म्हणाला, "हे सगळं बदललं की जाईल." ते उत्तर मला पटलं नाही. गाडी मी घरी आणली.

आमचं घर चिपळूणहून गुहागरकडे जाताना, मुख्य रस्ता सोडून आत. शेवटचा तुकडा लाल मातीचा, पावसात गुडघाभर चिखल. पुढच्या आठवड्यात कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं होतं आणि घाटात सगळा भरवसा स्टिअरिंगवरच. घरात या विषयातली दोन माणसं हजर होती. एक माझा मामा, वय 74, उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या पुढच्या ॲक्सलखाली गेलेला. दुसरी माझी लेक, चाकणला गाड्यांचे आवाज आणि हादरे मोजण्याच्या विभागात इंजिनिअर, दिवाळीसाठी आलेली. जांभ्याच्या चिऱ्यांच्या अंगणात मी स्टिअरिंगवर बसले, ही दोघं पुढच्या चाकापाशी, आणि त्या दुपारी जे बोलणं झालं ते मी जवळपास तसंच उतरवून ठेवलं आहे.

मामा: अगो, यात बघण्यासारखं काय आहे? चार महिने पाण्यात भिजली, आता ऊन लागलं, कोरडी पडली. वंगण मागतेय. आमच्या लहानपणी बैलगाडीखाली वंगणाचा नळा लटकलेला असायचा. चाक ओरडलं की उतरायचं, आसाला वंगण द्यायचं, पुढे निघायचं.

लेक: मागतेय हे कबूल, आजोबा. पण कोण मागतंय? आईच्या हातातल्या चाकापासून खालच्या टायरपर्यंत घासणाऱ्या जागा मोजल्या तर डझनभर होतील. कॉलम, त्याचं रबर, खालचा युनिव्हर्सल जॉइंट, रॅक, टाय रॉडची टोकं, लोअर आर्मचे बॉल जॉइंट, त्यांची बुशं, वर स्ट्रटचं बेअरिंग.

मामा: मग सगळ्यांना देऊ. ग्रीस काय सोन्याचं आहे?

लेक: सगळ्यांना दिलंत आणि आवाज थांबला, तर ओरडत कोण होतं ते कळणार कसं?

मामा: थांबला ना? मग कळून करायचंय काय?

इथे मी गाडीतून उतरले, कारण वादाचं मूळ हेच होतं आणि ते मला समजून घ्यायचं होतं. मामाच्या लेखी आवाज हीच तक्रार. ती मिटली की काम झालं. लेकीच्या लेखी आवाज म्हणजे निरोप. तो कोणी पाठवला ते बघितल्याशिवाय फाडून टाकायचा नाही. खरं सांगायचं तर वर्कशॉपवाला तरुण मामाच्याच पंगतीतला. एकाने सगळ्यांना वंगण द्यायचं म्हटलं, दुसऱ्याने सगळंच बदलायचं. नेमका दोष शोधायची दोघांनाही गरज वाटली नव्हती.

मामा: बरं, पट्टा बघितलास का? शेजाऱ्याच्या जुन्या डिझेल जीपला स्टिअरिंग पूर्ण तोडलं की पट्टाच किंचाळतो.

लेक: आपल्या गाडीला तो पट्टाच नाही. हिचं स्टिअरिंग विजेवर चालतं. कॉलमवर मोटर आहे, ती हाताला जोर देते. तेल नाही, पंप नाही, पंप फिरवणारा पट्टाही नाही. जीपचं वेगळं. तिथे तेलाच्या दाबावर काम चालतं. चाक टोकाला गेलं की पंपावरचा भार एकदम वाढतो आणि पट्टा सैल असेल तर पुलीवर घसरतो.

मामा: त्याची परीक्षा मी सांगतो. इंजिन चालू ठेवायचं आणि लांबून पट्ट्याच्या आतल्या अंगावर थोडं पाणी मारायचं. आवाज दोन क्षण गप्प बसून परत आला तर पुल्या एका रांगेत नाहीत. पाणी लागताच वाढला तर पट्टा सैल.

लेक: बरोबर. आमच्याकडेही हेच शिकवतात. आणि तेल कमी असलं तर किंचाळणं नसतं, घुमल्यासारखं कण्हणं असतं. तशा गाडीत स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नये. तेल तापतं, पंप खराब होतो.

मी: आणि पुण्यात मॉलच्या तळघरात गाडी लावताना चीत्कार येतो तो?

लेक: तो टायरचा आवाज. वळताना आतलं चाक जास्त वळतं, बाहेरचं कमी. रबर थोडं फरफटतंच, आणि रंगवलेल्या गुळगुळीत फरशीवर ते ऐकू येतं. तो दोष नाही. फक्त उभ्या गाडीत जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नकोस. चाक किंचित चालू दे, मग वळव. टायरही वाचतो आणि सगळे सांधेही.

आवाजाचा जन्म कसा होतो हेही तिने मामाला सांगितलं आणि त्यालाही ते आवडलं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर एकसारखे सरकत नाहीत तेव्हा एक दुसऱ्याला धरून ठेवतो, ताण वाढतो, मग सुटतो, पुढे जाऊन पुन्हा धरतो. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला अखंड 'कुईं' ऐकू येतं. सारंगीचा गज तारेवर हेच करतो. त्याला राळ लावतात ती धरणं-सुटणं नीट व्हावं म्हणून. देवळाच्या दाराची बिजागरीही तशीच गाते. वंगण मधे आलं की धरणं संपतं आणि गाणंही थांबतं. म्हणजे वंगणाने आवाज जातो हे मामाचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. प्रश्न उरला तो इतकाच, की वंगण आटलं कशामुळे?

मग तपासणी सुरू झाली. इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टिअरिंगचं कुलूप सोडलेलं. मी चाक डावीकडे-उजवीकडे वळवत होते. मोटरचा जोर नसल्यामुळे जड जात होतं, पण इंजिनच्या आवाजाविना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की आवाज एक नाही, दोन आहेत. एक माझ्या पायांपाशी, रबरासारखा, बारीक. दुसरा बाहेर, डाव्या चाकाकडे, जाडसर आणि शेवटी 'कर्र' करणारा. इतके दिवस मी दोन्ही मिळून एकच ऐकत होते.

लेकीने मागच्या चाकांना दगड लावले, पुढची गाडी जॅकने उचलून खाली घोड्या दिल्या. चाकं लोंबकळत असताना पुन्हा वळवायला सांगितलं. पायांपाशी आवाज तसाच राहिला. बाहेरचा जवळजवळ नाहीसा झाला.

लेक: बघा. जो आवाज चाक अधांतरी असतानाही येतो, त्याचा गाडीच्या वजनाशी संबंध नाही. तो कॉलमचा. जो वजन उतरताच गेला, तो वजन पेलणाऱ्या सांध्याचा असणार.

मामा: हे आम्हीही करायचो. फक्त असं बोलून दाखवत नव्हतो.

ते खरंच असणार. मामाने बॅटरी घेतली आणि 74 व्या वर्षी पाय दाराबाहेर ठेवून डोकं पेडलखाली घातलं. तिथे कॉलमचा दांडा इंजिनच्या बाजूला जातो. त्या भोकाला धूळ-पाणी अडवायला रबरी टोपी असते आणि दांडा तिच्या ओठातून फिरतो. तो ओठ कोरडा पडला होता. मामाने रबर बोटाने जरा बाजूला दाबलं, मी चाक वळवलं, आवाज नाही. बोट काढलं, आवाज आला. इतकं सोपं आणि इतकं नेमकं निदान मी आजवर कोणाला करताना बघितलं नव्हतं. तो लगेच पिवळ्या ग्रीसचा डबा मागू लागला.

लेक: ते नको, आजोबा. साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं. काही जातींचं रबर त्याने फुगतं आणि सैल पडतं. इथे सिलिकॉनचं ग्रीस लावू, रबराला ते सोसतं.

मामा: पण वंगणच ना?

लेक: वंगणच. इथे तुमचंच बरोबर. रबर धड आहे, फाटलेलं नाही, फक्त कोरडं आहे.

करंगळीच्या पेराएवढं सिलिकॉन ग्रीस लागलं. पायांपाशी पूर्ण शांतता झाली. एका रुपयाचा भाग न बदलता निम्मी तक्रार मिटली आणि मामा खुशीत आला. खरा वाद पुढे होता.

गाडी पुन्हा चाकांवर आली. आता दुसरा आवाज. आधी लेकीने डाव्या चाकाच्या आत हात घालून स्ट्रटच्या स्प्रिंगवर बोटं हलकेच टेकवली, वेटोळ्यांच्या फटीत जाणार नाहीत अशी. वरचं बेअरिंग अडकत असेल तर चाक वळताना स्प्रिंग पीळ खाते आणि एकदम 'टण्ण' करून सुटते. ती उडी बोटांना कळते. इथे स्प्रिंग मऊ फिरत होती. मग हात खाली, लोअर आर्मच्या टोकाला. तिथे तिचा चेहरा बदलला. "आई, तू ये. स्वतः बघ." माझ्या जागी तिने शेजारच्या मुलाला बसवलं आणि माझी बोटं त्या सांध्यावर ठेवली. चाक वळलं तेव्हा आतून जे हाताला लागलं ते भरड पीठ जात्यात सापडल्यासारखं होतं. कण, थरथर, मग एक झटका. उजव्या बाजूच्या सांध्यावर हात ठेवला तर काहीच नाही, लोण्यासारखा.

बॅटरीच्या उजेडात डाव्या सांध्याचा रबरी बूट दिसला. मागच्या अंगाला नखाएवढी चीर, कडा वाळलेल्या, आणि चिरेतून बाहेर आलेला लालसर चिखल. ग्रीसचा रंग तसा नसतो. ती आमच्या रस्त्याची माती होती.

मामा: सापडला चोर. आता इंजेक्शनची सिरिंज आण. चिरेतून आत ग्रीस भरतो, एवढंसं काम. वर्षभर बघायला नको.

लेक: नाही, आजोबा. इथे नाही.

मामा: का? मघाशी माझंच बरोबर होतं ना?

लेक: मघाशी रबराचा ओठ नुसता कोरडा होता. त्या कोरडेपणाने काही तुटणार नव्हतं. हा बॉल जॉइंट आहे. पोलादाची गोळी प्लॅस्टिकच्या वाटीत फिरते आणि याच गोळीवर चाक आर्मला धरून असतं. आत पाणी आणि वाळू गेली आहे. गोळीला गंज चढला असणार, वाटी खरवडली असणार. तुम्ही ग्रीस भरलंत तर वाळू तिथेच राहील, फक्त तिचा आवाज बंद होईल. वाटी झिजत राहील, गोळी सैल होत जाईल आणि सांगणारं कोणी नसेल. शेवटी गोळी वाटीतून निसटते. त्या क्षणी चाक आडवं होतं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं.

मामा: एसटीच्या पुढच्या ॲक्सलवरच्या किंगपिनला आम्ही आयुष्यभर ग्रीस मारलं. कोणाचं चाक आडवं झालं?

लेक: ग्रीस मारताना काय व्हायचं, सांगा ना.

मामा: काय व्हायचं म्हणजे? निपलला गन लावायची, दाबत राहायचं. आधी काळं, घाण ग्रीस बाहेर येतं. मातीसकट येतं. पुसायचं, पुन्हा दाबायचं. स्वच्छ ग्रीस दिसायला लागलं की थांबायचं. नवीन पोरं अर्ध्यावर सोडून द्यायची, त्यांना मी...

तो बोलता बोलता थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने बॅटरी पुन्हा त्या बुटावर धरली.

मामा: याला निपल नाही.

लेक: नाही. घाण बाहेर काढायची वाटच ठेवलेली नाही. कारखान्यात एकदा ग्रीस भरायचं, बुटाने बंद करायचं, आणि बूट शाबूत आहे तोवर ते जन्मभर पुरतं. तुमच्या किंगपिनला नवं ग्रीस जुन्या घाणीला हाकलून देत होतं. इथे ते तिच्यावर पांघरूण घालेल.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने उलटा वार केला, आणि तो मला रास्त वाटला.

मामा: मग ही कसली रचना? वंगण देता येईल असा सांधा करायचा सोडून, बंद करून ठेवायचा आणि बूट फाटला की अख्खा आर्म टाकून द्यायचा. यात गिऱ्हाईकाचं हित कुठे आहे?

लेक: बहुतेक लोक ग्रीस मारायला गाडी वेळेवर आणत नाहीत, आजोबा. तुमच्या बसला ठरल्या किलोमीटरांवर वर्कशॉप होतं, तुम्ही होतात. आईच्या गाडीला कोण आहे? न विसरणारा माणूस गृहीत धरण्यापेक्षा बंद सांधा बरा, असा तो हिशोब आहे. पण बूट बघायला कोणीतरी वाकावं, हे मात्र दोन्हीकडे लागतंच.

मामा: म्हणजे तुझ्या त्या कागदवाल्याचंच खरं. आर्म बदला.

लेक: तिघांतला एक. रॅकचे दोन्ही बूट अखंड आहेत, पहारीने हलवून बघितलं, कुठे ढिलाई नाही. उजवा जॉइंट गुळगुळीत आहे. तो बदलायचं कारण काय? त्याने न बघता तीन वस्तू लिहिल्या आणि त्यातली एक लागू पडली, याला निदान म्हणत नाहीत.

मामा: उजवा मी असतो तर बदलला असता. एकाच वयाचे, एकाच रस्त्यावरचे.

गंमत अशी की आता मामा बदलायच्या बाजूने बोलत होता आणि लेक राखायच्या. मी लेकीचं ऐकलं, पण मामाच्या बोलण्यात तथ्य आहे हेही मला पटलं होतं. म्हणून उजव्या बुटावर दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बॅटरी मारायची, हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती घरोघरी होते. शेजारचा मुलगा डब्ल्यूडी-40 चा डबा घेऊन आला होता, "काकी, हे मारा, लगेच जाईल." 1953 साली अमेरिकेत हे द्रव्य बनलं ते पाणी हटवण्यासाठी. नावातला चाळीस म्हणजे जमलेल्या मिश्रणाचा क्रमांक. गंजलेला नट सोडवायला ते उत्तम. पण पातळ आहे. जड सांध्यात टिकत नाही, उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेऊ शकतं. तरी लेकीने डबा घेतला. तिने फक्त टाय रॉडच्या टोकावर फवारलं, चाक वळवायला लावलं. आवाज कायम. मग बॉल जॉइंटच्या चिरेवर फवारलं. आवाज गेला. "झालं, आता शंभर टक्के," ती म्हणाली. हाताने जे कळलं होतं त्याची तिने अशी खात्री करून घेतली. तिच्या हातात तेल हे विचारण्याचं साधन होतं, आणि हे मला फार आवडलं. दहा मिनिटांत आवाज परत आला.

आर्म बदलला बाजारपेठेतल्या एका मेकॅनिकने. मामा खुर्ची टाकून बसला होता. पिंच बोल्ट काढला, जुना आर्म उतरला, नवा चढला. मेकॅनिक गाडी उचललेलीच ठेवून बुशांचे बोल्ट आवळायला गेला तेव्हा मामा उठला. "आत्ता नुसते बसव. गाडी चाकांवर घे, वजन येऊ दे, मग आवळ. लोंबकळत्या आर्मला आवळलंस तर बुशाचं रबर कायम पिळलेलं राहील. सहा महिन्यांत तेच ओरडायला लागेल." लेकीने मान डोलावली. मेकॅनिकने गाडी खाली घेतली. नंतर व्हील अलाइनमेंट. सगळे मिळून 2,900 रुपये झाले.

जुना सांधा मामाने घरी आणला. शेवग्याच्या झाडाखाली बसून त्याने बूट ब्लेडने कापला. आत ग्रीस नव्हतंच. विटकरी रंगाचा लगदा होता, चिमटीत घेतला तर करकरणारा. त्याने तो रॉकेलने धुतला. गोळी अर्धी अजून आरशासारखी होती आणि अर्धी देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची. मामाने ती बोटाने वाटीत हलवली. ती फिरण्याऐवजी आत-बाहेर सरकली, अगदी थोडी, जेमतेम नखाच्या जाडीएवढी. त्याने ती पुन्हा सरकवली. मग काही न बोलता लेकीच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी आम्ही कराडला निघालो. गाडी मी चालवत होते, मामा पुढे बसला होता. कुंभार्ली घाटाचं पहिलं मोठं वळण आलं तसा त्याने रेडिओ बंद केला आणि काच खाली केली. दुसऱ्या वळणावरही तो डाव्या चाकाकडे कान देऊन होता. चौथ्या की पाचव्या वळणानंतर त्याने काच वर घेतली, रेडिओ लावला आणि मागे बघून लेकीला विचारलं, "तुमच्या चाकणला हे आवाज मोजतात कसे, ते सांग बघू."